आईच्या रिपोर्टात अँटीऑक्सिडंट कमी आलेत, कॅप्सूल द्याव्या का?

मिरजकर७९: आईला ११ वर्षं टाइप टू डायबेटीस आहे, वय ६१, मेटफॉर्मिन चालू, आत्ताचं एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.४ आलंय. कॉलनीतल्या एका शिबिरात तपासायला रक्त दिलं तर ग्लुटाथायोन नावाचं अँटीऑक्सिडंट कमी नि एमडीए जास्त निघालं, आणि तिथल्याच माणसाने १८०० रुपयांच्या कॅप्सूल हातात ठेवल्या, म्हणे शरीराला आतून गंज चढतोय. तो गंज शब्द आईच्या डोक्यातून जाईना, काल रात्री भाकरी तशीच ताटात ठेवून उठली. खरं असतं का हे?

बायोकेमवाली: रिपोर्ट खोटाच असेल असं नाही. रक्तात साखर सतत जास्त राहिली की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांवर, इंधनाचा लोंढा येतो, त्यातून सुपरऑक्साइड नावाचा फार चिडका रेणू तयार होतो आणि तो रक्तवाहिन्यांचं अस्तर, डोळ्याचा पडदा, किडनी यांना इजा करतो. त्याला आवरता आवरता ग्लुटाथायोन खर्ची पडतं. एमडीए म्हणजे पेशीच्या आवरणातली चरबी खराब झाली की उरणारा कचरा. पण कमी आहे म्हणून वरून ओतलं की झालं, असं नाही हो. होप नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये डायबेटीसवालेही बरेच होते, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं, २००० साली निकाल आला, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. पुढे अजून काही वर्षं बघितलं तर हार्ट फेल्युअर उलट जास्त. मला तरी ते ८.४ आधी खाली आणणं महत्त्वाचं वाटतं, लोंढा तिथूनच येतोय.

कोथरूडचा_काका: ताई बरोबर, पण एक बाजू राहिली. आपल्या पुण्यातच २५० डायबेटीस पेशंटवर ट्रायल झाली, २०२२ ला छापून आली, निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन ६ महिने दिलं. रक्तातलं ग्लुटाथायोन वाढलं, डीएनएची इजा कमी झाली आणि ५५ च्या वरच्यांचं एचबीएवनसीही सुधारलं. म्हणजे विषय अगदीच पोकळ नाही, पण नेहमीच्या औषधांसोबत हे विसरू नका, आणि एका ट्रायलवर मी तरी आईला सुरू करणार नाही, डॉक्टरांना विचारा.

सुगरण_नगरची: आवळा चांगला म्हणून आमचे बाबा रोज सकाळी मोरावळा खायचे, दोन फोडी आणि बरणीच्या तळाचा पाकसुद्धा चमच्याने. व्हिटॅमिन सी मिळतंय या समाधानात चार महिने गेले, फास्टिंग १९० च्या खाली येईना. आता कच्चा आवळा किसून मीठ लावून देते, शेवग्याची भाजी, मूठभर शेंगदाणे, आणि जेवल्यावर वीस मिनिटं चालतात.

मिरजकर७९: आत्ता चष्मा लावून डबी नीट वाचली, कशात किती मिलिग्रॅम हे लिहिलेलंच नाही, नुसतं प्रोप्रायटरी ब्लेंड. ठेवून दिली. सोमवारी डॉक्टरांकडे रिपोर्ट आणि डबी दोन्ही घेऊन जातोय. आईला बायोकेमताईंचं वाचून दाखवलं, म्हणाली मग गंज नाही ना, साखरच ना, आणि आत्ता भाकरी घेऊन बसलीय.