मदत हवी आहे: १८५३ मध्ये मुंबईत आलेला ऑग्डनचा बिशप चॉन्सी वेस्ट

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं मी अमेरिकेत युटा राज्यातल्या ऑग्डनला राहते. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका माणसावर लेख लिहायला घेतलाय आणि अडलेय ती नेमकी मुंबई-पुण्यापाशी. अमेरिकेतले कागद इथे हाताशी आहेत. आपल्याकडचं काही इथे बसून सापडत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माणसाचं नाव चॉन्सी वेस्ट. जन्म १८२७, पेनसिल्व्हेनिया. विशीच्या आतच तो मॉर्मन झाला. हा ख्रिस्ती पंथ १८३० मध्ये जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात स्थापला. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात घुसून जमावाने स्मिथला गोळ्या घातल्या. मग ब्रिगहॅम यंग अनुयायांना घेऊन पश्चिमेकडे निघाला आणि १८४७ मध्ये हे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. वेस्टही त्याच वर्षी इथे आला. वय वीस.

घर-शेत जरा कुठे उभं राहतंय तोवर, ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सभेत धर्मप्रचाराला जाणाऱ्यांची नावं पुकारली गेली. हिंदुस्थानसाठी नऊ, सयामसाठी (आजच्या थायलंडसाठी) चार. सयामच्या चौघांत वेस्ट होता. जायचं ते पैसा न बाळगता, वाटेत भेटतील त्या लोकांच्या भरवशावर. जानेवारी १८५३ मध्ये हे तेराही जण सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजात बसले. जहाजाचं नाव होतं ‘मान्सून’. एप्रिल अखेरीस ते कलकत्त्याला उतरले.

पुढे सयामचा रस्ताच बंद. ब्रह्मदेशात इंग्रजांचं दुसरं युद्ध झालेलं, जमिनीवरून पलीकडे जायची सोय नव्हती. चौघांतला एकच, एलम लडिंग्टन, पुढच्या वर्षी समुद्रमार्गे बँकॉकला पोचला. वेस्ट आणि त्याचा जोडीदार बेंजामिन ड्यूई सिलोनला गेले, तिथे कुणी उभं करेना, म्हणून मुंबईला आले. हे १८५३ सालच.

(चौथा लेव्ही सॅव्हेज. तो ब्रह्मदेशातून परतला आणि १८५६ मध्ये हातगाड्या ओढत युटाला निघालेल्या लोकांना भेटला. उशीर झालाय, बर्फात सापडाल, असं त्याने रडत सांगितलं, कुणी ऐकलं नाही, तरी तो त्यांच्याबरोबर चालला. त्या तांड्यातली साठाहून जास्त माणसं वाटेत गेली. त्याच्यावर स्वतंत्र धागा काढायचाय.)

मुंबईत यांच्या आधीपासून एक मॉर्मन होता: ह्यू फिंडले, स्कॉटिश. तो १८५१ मध्ये मुंबईत उतरला, १८५२ मध्ये पुण्याला गेला आणि तिथे बारा जणांची मंडळी उभी केली. त्या काळी पुण्याला जायचं म्हणजे बोटीने पनवेल आणि मग बोरघाट. कँपातल्या गोऱ्या शिपायांत प्रचार करू लागल्यावर लष्कराने त्याला छावणीबाहेर काढलं. मग तो मराठी शिकायला बसला. ज्या वर्षी विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीराव फुल्यांचा सत्कार केला, त्याच वर्षी, त्याच गावात एक स्कॉटिश माणूस मराठी मुळाक्षरं गिरवत होता, हे वाचल्यापासून मला चैन नाही. १८५५ मध्ये त्याने मुंबईत ‘टु द मराठाज ऑफ हिंदुस्थान’ नावाची पुस्तिका छापली आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सोडला.

यश मात्र कुणालाच मिळालं नाही. शिपाई पलटणीच्या हुकुमात, एतद्देशीयांना धर्म बदलला तर घर आणि पोट दोन्ही सुटण्याची भीती, पाद्री आणि वर्तमानपत्रं विरोधात. त्यात ज्या सभेत यांची नावं पुकारली, त्याच सभेत पंथाने बहुपत्नीकत्व जाहीरपणे मान्य केलं होतं. ती बातमी इकडे पोचल्यावर उरलीसुरली दारंही बंद झाली. स्वतः वेस्टलाही पुढे अनेक बायका होत्या. हे लेखात झाकणार नाही.

१८५५ मध्ये तो परतला आणि ऑग्डनचा बिशप झाला. इथे बिशप म्हटल्यावर झगा आणि मोठं चर्च डोळ्यांपुढे आणू नका. आपल्या पाटलाच्या जवळचं हे काम: लोकांकडून उत्पन्नाचा दहावा हिस्सा धान्य, लोणी, अंडी, कडबा अशा रूपात गोळा करायचा, गरिबांना त्यातून द्यायचं, पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं तर निवाडा करायचा. वेस्ट पुढे सगळ्या वीबर काउंटीच्या बिशपांचा प्रमुख झाला.

आणि मग रेल्वे. १८६८ मध्ये वेस्ट, धर्ममंडळातला एझ्रा बेन्सन आणि ऑग्डनचा महापौर लोरिन फार या तिघांनी सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीसाठी रुळांखालचा भराव घालण्याचं कंत्राट घेतलं. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकमेकींना मागे टाकून समांतर भराव घालत सुटल्या होत्या. १० मे १८६९ ला युटातल्या प्रोमाँटरीला दोन्ही कंपन्यांचे रूळ जुळले, सोन्याचा खिळा ठोकला गेला, पण कंपनीने या तिघांचे पैसे वेळेवर दिले नाहीत. मजूर दारात, घेणेकरी दारात. बेन्सन त्याच सप्टेंबरमध्ये अचानक गेला. वेस्ट जानेवारी १८७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारला, बेचाळिसाव्या वर्षी. ऑग्डनहून सॉल्ट लेकला जाणारी गाडी त्याच महिन्यात सुरू झाली.

इथल्या लोकांना तो रेल्वेमुळे आणि बिशप म्हणून माहीत आहे. हिंदुस्थानचं प्रकरण एका ओळीत संपवतात. मला ते पटत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि त्याच वर्षी हा मुंबईत होता. त्याच्या स्वतःच्या युटात रेल्वे यायला अजून सोळा वर्षं होती!

तर मदत अशी हवी आहे:

मुंबईत कुणी एशियाटिकमध्ये किंवा एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात नेहमी जात असेल, तर १८५३-५४ च्या इंग्रजी वर्तमानपत्रांत जहाजांच्या उतारूंच्या याद्या बघता येतील का? West किंवा Dewey, म्हणजे वेस्ट आणि ड्यूई, ही दोन आडनावं पुरेत.

‘ज्ञानोदय’चे १८५२ ते ५५ चे अंक कुणी चाळलेत का? अमेरिकन मिशनचं पत्र, तेव्हा आपल्याच देशातून आलेल्या या मंडळींवर ते गप्प बसले असतील असं मला वाटत नाही. पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाश’बद्दलही तेच. तेव्हा ‘मॉर्मन’ कसं लिहीत, हे नुसतं कळलं तरी शोध सोपा होईल.

फिंडलेच्या पुस्तिकेचा मराठी अवतार कुणाच्या पाहण्यात आलाय का? जुन्या ख्रिस्ती पुस्तकांत, आजोबांच्या कपाटात, कुठेही. मुखपृष्ठाचा फोटोही चालेल.

शेवटचं भाषेचं. ‘पायोनियर’ला, म्हणजे इथे आधी येऊन वसलेल्या या मॉर्मन लोकांना, काय म्हणू? ‘आद्य वसाहतकार’ लिहिलं आणि खोडलं. या खोऱ्यात शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, नंतर आलेल्यांना ‘आद्य’ म्हणवत नाही. आणि वर म्हटलेल्या दहाव्या हिश्श्याला मराठी ख्रिस्ती लोक काय शब्द वापरतात?

लेख ऑगस्टअखेर द्यायचाय. झेरॉक्स, टपाल, प्रवास, जो खर्च होईल तो मी देईन आणि लेखात मदतीचा उल्लेख करेन.

भर घालते: दोघांनी कळवलं की मराठी बायबलमध्ये ‘दशमांश’ हाच शब्द आहे, तो पक्का केला. ‘पायोनियर’साठी ‘वाट पाडणारे’ ही सूचना आवडली, सध्या तीच लिहिलीय. एका काकांनी पुढच्या आठवड्यात एशियाटिकमध्ये बघतो म्हटलंय. काका, १८५३ चा जुलै ते डिसेंबर आधी बघाल का? आणि ‘ज्ञानोदय’ अजून कुणीच घेतलेला नाही.