ऊसतोडीच्या फडावरची बालवाडी : घाबरलेल्या मुलासाठी मदत हवी आहे

बीडहून आलेल्या तोडणी कामगारांच्या ३ ते ६ वर्षांच्या १६ मुलांची बालवाडी मी त्यांच्या कोप्यांजवळ (तात्पुरत्या झोपड्यांजवळ) चालवते. पाच वर्षांच्या एकाने ट्रॅक्टरची ट्रॉली उलटताना पाहिली. आता इंजिनचा आवाज आला की तो कान दाबून माझ्या पदरात शिरतो, बोलणं जवळपास बंद. आईबाप पहाटेच फडात जातात.

बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक-अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या वाटेने माती, चिंचोके, बडबडगीतं सुरू आहेत. मातीत तो रमतो. खोदून विचारत नाही. दवाखान्यात 'वयानुसार जाईल' म्हणाले, मला ते पटत नाही. जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लहान मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र) लांब, तिथे जायचं तर आईबापांची मजुरी बुडते. मार्चअखेर कुटुंब गावी परतेल.

मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या ताईने रोज नेमकं काय करावं, आणि गावच्या अंगणवाडीताईंना काय लिहून द्यावं?