न्यायाधीशाचा एक ‘लाइक’ आणि पक्षकाराचा भरवसा

तटस्थ (चर्चाप्रस्ताव)

मध्य प्रदेशातील दोन महिला न्यायिक अधिकाऱ्यांच्या सेवासमाप्तीचे प्रकरण डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला होते. तेव्हा खंडपीठाने तोंडी म्हटले की न्यायाधीशांनी संन्याशासारखे जगावे, घोड्यासारखे राबावे आणि फेसबुकच्या वाटेला जाऊ नये. तोंडी शेरा म्हणजे आदेश नव्हे, हे मान्य. तरीही मला तो पटतो.

मुळात हा संकेत नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी न्यायिक जीवनाची सोळा मूल्ये स्वीकारली. न्यायाधीशाने निकालपत्रातूनच बोलावे, माध्यमांना मुलाखती देऊ नयेत, राजकीय किंवा पुढे न्यायालयासमोर येऊ शकणाऱ्या विषयांवर जाहीर मत मांडू नये आणि पदाला साजेसा अलिप्तपणा राखावा, हे सारे त्यांत आहे. तेव्हा फेसबुक जन्मायचे होते. आज एखाद्या निकालावर न्यायाधीशाने मतप्रदर्शन केले आणि उद्या तोच निकाल दाखला म्हणून त्यांच्यापुढे ठेवला गेला, तर युक्तिवाद करणाऱ्या वकिलाने काय समजायचे?

तारखेला आलेला पक्षकार पुकारा होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून काय करतो, ते पाहा. तो मोबाइल काढतो आणि न्यायाधीशांचे नाव शोधतो. रणजित ठाकूर प्रकरणात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की ‘मी पक्षपाती आहे का?’ असे न्यायाधीशाने स्वतःच्या मनाला विचारण्याऐवजी समोरच्या पक्षकाराच्या मनात डोकावावे. ते मन आता मोबाइलच्या पडद्यावर घडते.

उलटतपासणी

असहमत. न्यायाधीश आणि वकील एकाच महाविद्यालयात शिकतात, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात. ही ओळख फेसबुकने निर्माण केलेली नाही, फक्त उघड्यावर आणली आहे. झाकलेल्या ओळखीपेक्षा दिसणारी ओळख पक्षकाराच्या अधिक हिताची नाही का? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की वकील फेसबुकवर न्यायाधीशाचा ‘फ्रेंड’ आहे, एवढ्याच कारणावरून न्यायाधीशाला प्रकरणातून दूर करता येत नाही. त्या यादीत जिवलग मित्रही असतो आणि नुसते नाव ऐकलेला माणूसही. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने तर २०१३ मध्येच न्यायाधीशांना या माध्यमांवर वावरण्याची मुभा असल्याचे मत दिले होते. अट एवढीच की आचारसंहिता तिथेही पाळावी.

शिवाय फॉरवर्ड केलेल्या संदेशावरून बदनामी झाली की नाही, हे ज्याने ठरवायचे त्याला फॉरवर्ड म्हणजे काय हे ठाऊक असायला हवे. संन्याशाला ते कोण शिकवणार? सतत बदल्या होणाऱ्या कनिष्ठ न्यायाधीशाला जुने मित्र आणि नातलग याच माध्यमांतून भेटतात, हेही विसरू नये.

जुना पक्षकार

मी वाटणीच्या दाव्यात प्रतिवादी होतो. निकाल राखून ठेवलेला असताना वादीच्या वकिलांनी स्वतःच्या सत्काराचा फोटो टाकला आणि त्याखाली आमच्या न्यायाधीशांच्या नावाने उंचावलेला अंगठा उमटला. बाकी काही नाही, एक अंगठा. निकाल माझ्या विरोधात गेला. तो मी दोनदा वाचला, त्यातली कारणे समजली, तरीही मनातून तो अंगठा जाईना. म्हणून अपील केले. त्यातही तोच निकाल कायम झाला. न्यायाधीशांचे चुकले नव्हते, हे आज मी मान्य करतो, पण मधली चार वर्षे त्या अंगठ्यापायी गेली. उलटतपासणी म्हणतात तशी ओळख मला ‘दिसली’ खरी. तिचा उपयोग काय झाला?

दाखलेबाज

या अनुभवाला जवळचे एक प्रकरण अमेरिकेच्याच विस्कॉन्सिन राज्यातले आहे. मुलाच्या ताब्याच्या वादात दोन दिवस पुरावा झाला, लेखी युक्तिवाद दाखल झाले आणि निकाल यायचा असताना न्यायाधीशांनी मुलाच्या आईची ‘फ्रेंड रिक्वेस्ट’ स्वीकारली. त्यानंतर निकालापर्यंतच्या २५ दिवसांत तिने त्यांच्या किमान २० पोस्टवर पसंती किंवा प्रतिक्रिया नोंदवली. वादात कौटुंबिक हिंसाचाराचा आरोप होता आणि त्याच विषयावरचा मजकूरही ती आपल्या पानावर टाकत होती. निकाल तिच्या बाजूने लागला. आपले मत आधीच ठरले होते आणि आपण तिच्या पोस्टला प्रतिसाद दिला नव्हता, असा न्यायाधीशांचा खुलासा होता; तो खोटा मानायचे कारण नाही. तरीही त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, पुन्हा चार विरुद्ध तीन अशाच मतांनी, पक्षपाताचा गंभीर धोका निर्माण झाल्याचे सांगून प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवले. (दोन्ही ठिकाणी एका मताचा फरक आहे. ‘हे तर उघडच आहे’ असे दोन्ही बाजूंनी जरा जपून म्हणावे.)

उलटतपासणी

जुना पक्षकार यांचा अनुभव वाचून मी एक पाऊल मागे येतो. निकाल राखून ठेवलेला असताना वकिलाच्या सत्काराच्या फोटोला पसंतीचा अंगठा देणे गैरच. पण विस्कॉन्सिनमध्ये दोष फेसबुक खात्याचा नव्हता; निकाल द्यायचा बाकी असताना पक्षकाराची विनंती स्वीकारण्याचा आणि दुसऱ्या बाजूला ते न कळवण्याचा होता. त्याच दिवशी दोन्ही वकिलांना कळवले असते, तर दुसऱ्या बाजूला वेळीच हरकत घेता आली असती. सरसकट बंदी आली की काही जण टोपणनावाने खाते उघडतील, आणि मग अंगठा कोणाचा हे पक्षकाराला कधीच कळणार नाही.

दाखलेबाज

टोपणनावाने सुटका होत नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली ब्लॉग लिहिणाऱ्या न्यायाधीशांसाठी आलेल्या मार्गदर्शनात, स्वतःची न्यायाधीश अशी ओळख देऊ नये हे तर होतेच. शिवाय ती ओळख उघड झाल्यास निःपक्षपातीपणावरचा विश्वास ढळेल अशी मतेही मांडू नयेत, असे बजावले होते. म्हणजे पडद्याआडही नियम तोच.

तटस्थ

खाते बंदच करा, हा आग्रह मी सोडतो. त्याऐवजी एवढे मागतो: नव्या ठिकाणी रुजू होण्याआधी न्यायाधीशाने आपली यादी चाळावी, तिथे वकिली करणाऱ्यांची नावे काढावीत, आणि वकिलांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप गटात राहू नये. मला फेसबुकपेक्षा या गटांची धास्ती जास्त वाटते. तिथे वकील एखाद्या चालू दाव्याची हकिगत सहज लिहून जातो, न्यायाधीश उत्तर देत नाहीत, पण संदेशाखालच्या दोन खुणा निळ्या होतात. ती हकिगत विरुद्ध बाजूच्या वकिलाने ऐकलेलीच नसते. उलटतपासणी यांनी सांगावे, तिथे दोन्ही बाजूंना कळवायचे कोणी आणि केव्हा?