जुनी गाडी घेतली आणि गिअरबॉक्सची शंका आली: खोलण्याआधी काय तपासायचं?

आपल्याकडे जुन्या गाडीचा व्यवहार बहुतेक ओळखीतून होतो. पासिंग बघितलं, टायर बघितले, पत्र्याला लांबी भरली आहे का ते ठोकून बघितलं, की बयाणा दिला. गिअर मात्र उभ्या गाडीतच टाकून बघतात. मग पंधरा दिवसांनी कर्रकर्र सुरू होते आणि पहिल्याच गॅरेजात ‘बॉक्स खाली घ्यावा लागेल’ असं ऐकायला मिळतं. ज्यांच्या हाताखालून गाड्या गेल्यात त्यांनी इथं लिहावं. कोणत्या लक्षणावरून काय ओळखायचं, एवढंच हवं. कुणी फसवलं याच्या कहाण्या नकोत.

नांदेड, गॅरेज

आधी एक प्रश्न सोडवा : त्रास एकाच गिअरला आहे की सगळ्यांना? एकालाच असेल तर दुखणं बहुधा बॉक्सच्या आत. सगळ्यांना असेल तर बहुधा क्लच किंवा गिअर केबल, आणि बॉक्सला हात लावायची गरज नाही.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. एखादा दातावर दात येऊन अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी वीतभर ढकला. बंद गाडीत सगळे सहज पडतात आणि चालू गाडीत अडतात, याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही. बंद गाडीतही लिव्हर लुळा किंवा जड वाटत असेल, तर लिव्हरखालचे बुश आणि केबल बघा. हे बुश स्वस्त असतात.

आता इंजिन चालू करा, क्लच तळापर्यंत दाबा, मनात चार आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणारं कडं) नसते, त्यामुळे घाईत टाकला की आवाज येणारच. तो दोष नाही. थांबूनही कर्र झालं तर क्लच ओढतोय, म्हणजे दाबूनही पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल भराभर तीन-चार वेळा मारून लगेच गिअर टाका. सुधारला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर-स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलजवळचा आणि बॉक्सजवळचा) सील गेलंय. बाहेरच्या स्लेव्हचं रबरी बूट बोटानं उचलून बघा. आत ओल असेल तर सील गळतंय. काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत असतो. तिथं मात्र बॉक्स उतरवावाच लागतो, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकदमच बदला. मजुरी दोनदा भरण्यात अर्थ नाही.

आवाजाची परीक्षा दहा सेकंदांची. गाडी न्यूट्रल, इंजिन आयडलवर. घरघर येतेय आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. पहिल्यात बॉक्स खोलावा लागतो, दुसऱ्यात फक्त उतरवावा लागतो. गॅरेजवाला दोन्हींना ‘बॉक्स गेला’ म्हणत असेल तर दुसरं गॅरेज बघा.

बीड, प्रवासी गाड्यांची देखभाल

सपाटीवरच्या ट्रायलवर विश्वास ठेवू नका. मांजरसुंब्याच्या घाटात न्या, चार माणसं बसवून. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या. इंजिनचा आवाज नि काटा वर जातो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. जळकट वास आला की ती परीक्षा तिथंच थांबवा.

उतारावर त्याच गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. लिव्हर आपोआप न्यूट्रलला आला तर ‘गिअर उडतो’. इथं लोक थेट सिंक्रोवर जातात. माझा क्रम वेगळा : आधी फाउंडेशन (इंजिन-बॉक्स धरणारे रबरी माउंट), मग केबलचं सेटिंग, मग डिटेंटची (गिअर जागेवर धरणारी) स्प्रिंग-गोळी, शेवटी आतला गिअर सरकवणारा फोर्क आणि हबचे दात. फाउंडेशन बघायला बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, आत बसलेल्यानं पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडून पुन्हा दाबावा. इंजिन जागेवरून उचकलं तर रबर फाटलंय. या वेळी गाडीसमोर कुणीही उभं राहू नये, बाजूनं बघावं.

लातूर, सस्पेन्शन आणि एक्सलचं काम

वरच्या दोघांचं बरोबर, पण निम्म्या ‘गिअरबॉक्सच्या आवाजांचा’ बॉक्सशी संबंधच नसतो. रिकाम्या रस्त्यावर ६० च्या वेगाला हुंकार येत असेल तर त्याच वेगात गाडी न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर व्हील बेअरिंग किंवा टायर बघा. वळणावर एका बाजूला वाढतो नि दुसऱ्या बाजूला कमी होतो, तर बेअरिंग जवळपास नक्की. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू पुढं नेताना टकटक आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सलचा चाकाकडचा सांधा), बूट फाटून ग्रीस गेलेलं असतं. आपल्या काळ्या मातीच्या वाटांवर आणि धुळीत फाटलेलं बूट जॉइंटला लवकर खातं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या बोलेरो-सुमोसारख्या गाड्यांत चौथा गिअर बहुधा डायरेक्ट असतो, म्हणजे जोर काउंटर शाफ्टवरून (बॉक्समधल्या दुसऱ्या दांड्यावरून) न जाता थेट पुढं जातो. बाकी सगळ्या गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांत, तर काउंटर शाफ्टची बेअरिंग. गिअर टाकताना खालून ‘कट्’ आला तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून बघा.

परभणी, गाड्यांचं ऑइल आणि सुटे भाग

ऑइलबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि खरं निदान तिथंच आहे. लेव्हल प्लगचा (ऑइल भरायच्या तोंडाचा) बोल्ट आधी सोडा, मग खालचा ड्रेन. वरचा गंजून अडकला आणि खालून ऑइल काढून बसलात तर गाडी तिथंच अडकते. ऑइल पांढऱ्या तबकात घ्या, ड्रेन प्लगचं चुंबक बोटानं पुसा. राखाडी मऊ लेप असणं नैसर्गिक आहे, लोखंडाची ती रोजची झीज. चिमटीत टोचणारा कण किंवा तुकडा निघाला तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. उन्हात पिवळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगचं पितळ.

ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. तापलेला बॉक्स पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) पाणी ओढून घेते. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर, २०२१ ला चिपळूणनंतर अशा गाड्यांची भीती होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच नद्या शेतात नि गावात शिरल्या, तेव्हा एमएच २३ (बीड) किंवा एमएच २५ (धाराशिव) पासिंग ‘घरची गाडी’ म्हणून ही तपासणी सोडू नका.

लहान गाडीत साधारण दोन लिटर ऑइल बसतं, नक्की आकडा पुस्तकात बघा. पुस्तकात ऑइलचा दर्जा जीएल-४ लिहिला असेल तर ‘वरचा दर्जा’ म्हणून जीएल-५ टाकू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं काही बॉक्समधलं पितळ खातात, आणि सिंक्रो घसरून नवीन कर्रकर्र सुरू होते.

संभाजीनगर, स्कॅनिंग आणि ऑटोमॅटिक

ऑटोमॅटिक हा एक प्रकार नाही, आधी कोणती ते ओळखा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (क्लचऐवजी ऑइलमधून जोर देणारी ऑटोमॅटिक) ब्रेक दाबून एन वरून डी केल्यावर सेकंदाभरात हलका धक्का जाणवायला हवा. दोन-तीन सेकंद उशीर म्हणजे ऑइलचा दाब कमी. ५० ते ८० च्या दरम्यान हलक्या रेसवर रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली तर लॉकअप क्लच (कन्व्हर्टर थेट जोडणारा) किंवा थकलेलं ऑइल. डिपस्टिक असेल तर ऑइल लाल हवं, तपकिरी नि जळकट वासाचं नको. सीव्हीटीमध्ये (पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) सीव्हीटीचंच ऑइल जातं. साधं एटीएफ (ऑटोमॅटिकचं ऑइल) ओतलं तर पट्टा घसरतो.

स्कॅनर लावला आणि पी०७०० हा बिघाडाचा कोड आला तर लोक घाबरतात. तो फक्त ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये काहीतरी नोंद आहे’ असं सांगतो. पुढचा कोड वाचा : पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सर, पी०७३० चुकीचं गिअर गुणोत्तर, पी०७४० लॉकअपचं सर्किट. सेन्सर किंवा वायर गेली तरी गाडी एकाच गिअरला अडकते, आतलं यंत्र धडधाकट असतं.

एकही कोड नाही पण रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) ‘अपूर्ण’ दाखवतात, म्हणजे नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. अशी गाडी काही दिवस चालवून पुन्हा स्कॅन करा.

धागाकर्ता

एएमटी चढावर मागं सरकते असं दोघांनी विचारलंय. तो बिघाड समजायचा का?

संभाजीनगर, स्कॅनिंग आणि ऑटोमॅटिक

नाही, एवढ्यावरून नाही. हिल होल्ड (चढावर ब्रेक धरून ठेवणारी सोय) नसलेली एएमटी वीतभर सरकणारच, हँडब्रेकवर उचला. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. २०१४ ची सेलेरिओ ही आपल्याकडची पहिली, तिच्यातली प्रणाली मॅग्नेटी मारेलीची आणि हायड्रॉलिक. तशा गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप थोडा वेळ गुणगुणतो, तेही ठीक. उभ्या गाडीत तो दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा चालू होत असेल तर गळती किंवा ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारा भाग) गेलाय. डॅशबोर्डवर एन (न्यूट्रल) लुकलुकला तर आधी बॅटरी तपासा, व्होल्टेज पडलं तरी असंच होतं. आणि क्लच प्लेट बदलली असेल पण स्कॅनरवर नव्यानं शिकवली नसेल, तर गाडी उचलताना झटके देत राहील. बिलावर ‘क्लच लर्निंग’ लिहिलंय का बघा, नसेल तर तेच आधी करून घ्या.