टसर म्हणजे धोटा

ताई, खानापूरकडच्या नागरगाळीच्या रानात ऐनाच्या झाडाला लोंबणारं सुकं फळ कसलं, असं तुम्ही विचारलंत. ते फळ नाही, तो टसराचा, म्हणजे रानरेशमाच्या किड्याचा, कोश आहे. टसर म्हटलं की आपल्याला साडी आठवते, तीही भंडारा-गडचिरोलीकडची. पण टसराच्या अळीचं आवडतं झाड ऐन, म्हणजे कन्नडातली मत्ती, आणि खानापूर तालुक्यात ऐनाला तोटा नाही.

आता शब्दाकडे. संस्कृतात तसर किंवा त्रसर म्हणजे विणकराचा धोटा, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. कोशाच्या लांबट आकारावरून किड्याला हे नाव पडलं असावं. बेळगावच्या शहापूर-वडगावात ज्यांच्या घरी माग होता त्यांना हे पटकन पटेल. विदर्भात कोशाला कोसा म्हणतात. तो शब्द सरळ कोशावरूनच आला, आणि रेशमी वस्त्राला कौशेय म्हणतात तेही त्यावरूनच. आपल्याकडचे कन्नड शेतकरी रेशमाच्या कोशाला गूडु म्हणतात, म्हणजे घरटं.

मला या कोशाचा देठ फार आवडतो. तो झाडाचा नसतो. अळी आधी फांदीभोवती रेशमाचं कडं घालते, त्यातून देठ खाली सोडते आणि मग त्याला कोश टांगते. म्हणून पान गळलं तरी कोश जागचा हलत नाही, उन्हाळाभर उघड्या फांदीवर राहतो. पाऊस लागला की आतला पतंग एक पाझर सोडून देठाकडचं टोक मऊ करतो आणि संध्याकाळी-रात्री बाहेर येतो. मादी पिवळसर आणि मोठी, नर तांबूस, त्याच्या मिशा पिसासारख्या. चारही पंखांवर एकेक गोल ठिपका असतो, अभ्रकासारखा पारदर्शक.

याला फुलपाखरू म्हणावं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी म्हणणार नाही. या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्यावर तो थोडे दिवस जगतो, जोडी जमवतो, अंडी घालतो. फुलाशी त्याचं काही काम नाही. टसर पतंगच म्हणावं. बोलताना 'टसराची अळी', 'टसराचा कोश', आणि पतंग निघून गेलेला तो 'फुटका कोश'.

देठाकडे भोक दिसलं तर तो फुटका, खुशाल घरी आणा. भोक नसेल तर मात्र फांदी मोडू नका. आत जीव असू शकतो.