अंगकोर वाट आणि लुआंग प्रबांग येथे छायाचित्रे कशी टिपावीत?

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये आम्ही कंबोडियातील सिएम रीप येथे तीन दिवस आणि त्यानंतर लाओसमधील लुआंग प्रबांग येथे दोन दिवस राहणार आहोत. अंगकोर वाटच्या सूर्योदयाची छायाचित्रे इतक्यांदा पाहिली आहेत की, त्यासाठी पहाटे उठावे की नाही असा प्रश्न पडला आहे. मागच्या प्रवासात दोन हजार फोटो काढले आणि पुन्हा पाहावेसे वाटणारे दहाही निघाले नाहीत. माझ्याकडे ३५ मिमीची एकच लेन्स आहे.

प्रतिसाद १ : पहाटे अवश्य उठा, पण काय मिळणार आहे हे आधी समजून घ्या. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख असल्यामुळे सूर्य मंदिराच्या मागून वर येतो आणि समोरून फक्त शिखरांची काळी आकृती दिसते. तेव्हा एक्स्पोजर आकाशावर ठरवा, अन्यथा आकाशाचे रंग पांढरे पडतात. सूर्य बरोबर मधल्या शिखरावर येतो तो विषुवदिनांच्या आसपास. नोव्हेंबरमध्ये तो बराच उजवीकडे असेल. खरी मौज त्यानंतर आहे. तळ्याकाठची गर्दी न्याहारीला पांगली की पूर्वेकडील ओवरीत जा. तेथे सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथनाचे शिल्प आहे, आणि सकाळचा तिरपा प्रकाश खांबांमधून आत येतो तेव्हा वासुकीला ओढणाऱ्या देवदानवांच्या रांगेला उठाव येतो. दर्शनी भागासाठी मात्र दुपार उलटल्यावर पुन्हा या.

प्रतिसाद २ : अंगकोरच्या मंदिरांचे तीन दिवसांचे तिकीट (६२ डॉलर) दहा दिवसांत कोणत्याही तीन दिवशी वापरता येते, म्हणून एकाच दिवसात सगळी मंदिरे उरकू नका. बायॉन मंदिरासारख्या एकाच ठिकाणी दोन वेगळ्या वेळी गेलात, तर तेच दगडी चेहरे निराळे दिसतील.

प्रतिसाद ३ : लुआंग प्रबांगमध्ये पहाटे भिक्खूंना भिक्षा घालण्याचा विधी, म्हणजे ताक बात, असतो. ३५ मिमीच्या लेन्सने चेहरा मोठा हवा असेल तर जवळ जावे लागते आणि नेमके तेच येथे करू नये. रस्त्याच्या पलीकडे थांबा, फ्लॅश बंद ठेवा, रांगेच्या आड येऊ नका. दुरून टिपलेल्या चित्रात भगवी रांग, ओली फरसबंदी आणि गुडघ्यांवर बसलेल्या बायकांच्या भाताच्या टोपल्या एकत्र येतात, आणि मला तरी ते अधिक बोलके वाटते. जपानमधील क्योतोच्या गिओन भागात पर्यटक कॅमेरे घेऊन गेइकोंच्या, म्हणजे तेथील गेइशांच्या, मागे लागू लागले, आणि अखेर २०२४ मध्ये तेथील खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सूर्योदयानंतर आम्ही थेट पूर्वेच्या ओवरीत जाऊ. न्याहारी उशिरा झाली तरी चालेल.