चार नकोत, दोनच करा

नाशिकच्या वाइन सहलीवरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की एका दिवसात सुला, यॉर्क, सोमा आणि व्हॅलोन अशा चारही वायनरी (वाइन बनवण्याची ठिकाणं) उरकता येतील. मला नाही पटत. पहिल्या तिन्ही गंगापूर धरणाच्या बाजूला आहेत, पण व्हॅलोन पार कावनईला, इगतपुरी तालुक्यात. मुंबईहून येणाऱ्यांनी ती आणि सांजेगावची ग्रोव्हर झांपा येता-जातानाच करावी, आणि नाशिकच्या मुक्कामात गंगापूरकडच्या दोन. तिसरीत जीभ थकते, चव कळेनाशी होते.

मुख्य मुद्दा महिन्याचा, तो कुणी काढलाच नाही. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात डोंगर सुरेख दिसतात, पण वेलींवर घड नसतात. मी फेब्रुवारीत गेलो होतो. क्रेटमधून शिराझ, म्हणजे रेड वाइनची काळी द्राक्षं, उतरत होती. मणी जेमतेम करवंदाएवढे, जाड सालीचे, आत बिया, आणि खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी गोड. टाक्यांजवळ आंबल्याचा उग्र वास होता. तेव्हा बुकिंग करताना आधी फोनवर विचारा, त्या दिवशी तोडणी किंवा क्रशिंग (द्राक्षं चिरडणं) आहे का. जिथे 'आहे' म्हणतील, तिथेच जा.